फळ्यावरचे बाण

सातवीला मी अन्नसाखळी सरळ रेषेत शिकवत नाही. परवा गिधाडांपासून सुरुवात केली. आजारी ढोराला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचलं, तरी ते ढोर आजाराने मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. मग मेलेली ढोरं कोण खाणार? "कुत्री!" मागच्या बाकावरून आवाज आला. कुत्री वाढली की? "बाई, चावतात!" म्हणजे रेबीजची भीती. फळा बाणांनी भरून गेला.

२००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तरी गिधाडं लगेच का वाढली नाहीत? इथे पोरं अडली. मादी वर्षाला एकच अंडं घालते, एवढंच मी सांगितलं. उरलेलं त्यांनीच जुळवलं. परीक्षेत याला गुण नाहीत, पण हा तास मी सोडणार नाही. पुढच्या आठवड्यात ऊस आणि विहिरींचं पाणी घेणार आहे.