इंजिनाचा आकडा आणि गाडीचे वजन

“साहेब, इंजिनाचा आकडा सांगता, गाडीचे वजन कोण सांगणार?” प्रीमियर पद्मिनीच्या कार्ब्युरेटरवर वाकलेल्या मिस्त्रींनी आज मान वर न करताच मला गप्प केले.

मी शेजारच्या अ‍ॅम्बेसेडरची बाजू घेत होतो. तिचे जुने पेट्रोल इंजिन 1489 सीसीचे, सुमारे 50 अश्वशक्तीचे. पद्मिनीचे 1089 सीसीचे, सुमारे 40 अश्वशक्तीचे. मात्र पद्मिनीचे वजन 900 किलोच्या आसपास आणि अ‍ॅम्बेसेडरचे 1100 किलोच्या पुढे, म्हणजे दर टनामागे दोघींची ताकद जवळपास सारखीच पडते, हे साधे गणित मी इतक्या वर्षांत कधी केलेच नव्हते.

मिस्त्रींनी मग मला पद्मिनीत बसवून स्टिअरिंगखालचा गिअर दुसऱ्यात टाकायला लावला. दांडीच्या टोकाचा गोळा तळहाताच्या घासण्याने एका बाजूने पार गुळगुळीत झाला होता.

मागच्या बाकावर ऐसपैस बसण्याच्या बाबतीत अ‍ॅम्बेसेडरला तोड नाही, हे मी अजूनही हट्टाने म्हणेन. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही लहानखुरी गाडी 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली, तेव्हा गल्लीबोळांतून वळण्याची तिची क्षमता माहितीपत्रकातल्या कोणत्या रकान्यात लिहिली असेल?

घरी येऊन जुने माहितीपत्रक पुन्हा काढले आहे. तुमच्या घरी या दोघींपैकी कोणती होती?