धरण भरलं की शोषखड्डा तुंबतो

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या की भंडारदऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. धरण साधारण त्याच सुमारास भरतं, विल्सन डॅमचा, म्हणजे याच धरणाचा, सांडवा वाहू लागतो आणि शेंडी गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. आमच्या काठावरच्या ‘निवास व न्याहारी’च्या पाचही खोल्या भरलेल्या होत्या. तेरा पाहुणे आणि घरातली तीन माणसं. अशा दिवशी सकाळी सव्वासहाला मावशी स्वयंपाकघरात न शिरता सरळ माझ्याकडे आल्या.

“ताई, खालच्या संडासात बुडबुडे येतायत. फ्लश केलं की नहाणीतून गुडगुड आवाज येतोय.”

असा आवाज आला की आधी बघायचं ते हे, की एकाच संडासात होतंय की सगळ्यांत. एकाच ठिकाणी असेल तर त्याच लाइनमध्ये काहीतरी अडकलेलं असतं, बहुतेकदा वेट वाइप नाहीतर सॅनिटरी पॅड. प्लंबरची स्प्रिंग घातली की ते निघतं. इथे तळमजल्यावरच्या तिन्ही संडासांत पाणी हळू उतरत होतं आणि वरच्या मजल्यावरचे दोन्ही झकास चालू होते. वरचे चालू आहेत म्हणून ते वापरत राहणं हे अशा वेळी सगळ्यात घातक. वरून सोडलेलं पाणी उंचीच्या जोरावर खाली येतं आणि पुढे वाट नसली की सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे तळमजल्याच्या नहाणीतून, बाहेर पडतं. म्हणून चेंबरकडे जाण्याआधी वरच्या दोन्ही फ्लश टाक्यांना पाणी सोडणारे अँगल कॉक बंद केले आणि त्या खोल्यांचे दरवाजे वाजवून पाहुण्यांना सांगितलं.

मग चेंबर, म्हणजे घरापासून सेप्टिक टँकपर्यंतच्या लाइनवरचे तपासणीचे हौद. घराजवळचं चेंबर रिकामं असेल तर अडथळा घरात आहे. भरलेलं असेल तर पुढे. आमची तिन्ही काठोकाठ भरलेली होती. सेप्टिक टँकचं झाकण सरकवून, वारा पाठीशी घेऊन, लांबूनच बॅटरीच्या उजेडात पाहिलं. टँकमध्ये वाकून बघायचं नाही आणि काडी किंवा लायटर तर अजिबात पेटवायचा नाही. आत मिथेन असतो, तो पेटतो. हायड्रोजन सल्फाइड असतो, तो माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. टँक साफ करायला माणूस संरक्षक साधनांशिवाय आत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते कुणी करू नये. आतलं पाणी आउटलेटच्या पाइपच्या वर वीतभर चढलं होतं. चालू टँकमध्ये पाणी आउटलेटच्या तळाशी टेकलेलं असतं, तेवढंच. ते वर चढलंय म्हणजे टँक भरला असं लोक म्हणतात, पण टँक तर पहिल्या महिन्यापासून भरलेलाच असतो. पुढचा शोषखड्डा, म्हणजे टँकमधून निघालेलं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, पाणी घेत नाही, हा त्याचा अर्थ.

शोषखड्ड्यावरची शहाबादी फरशी उचलली. पाणी जमिनीच्या खाली जेमतेम अर्धा फूट. खड्डा गाळाने बुजला असेल तरी असंच दिसतं, म्हणून खड्ड्यापासून दोन मीटर बाजूला पहारीने दोन फूट खोल भोक पाडलं. दहा मिनिटांत त्यातही स्वच्छ पाणी वर आलं आणि जवळजवळ त्याच पातळीला थांबलं. खड्ड्यात काही दोष नव्हता. भोवतालची जमीनच पाण्याने भरली होती.

काठावर घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यायला हवं. शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या वर निदान दीड-दोन मीटर असावा लागतो, म्हणजे सांडपाणी कोरड्या मातीतून गाळत गाळत खाली जातं. इकडे वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पत्थर. पावसाचं पाणी पत्थरावर अडतं आणि मुरूम भिजून गच्च होतो. त्यात 11,039 दशलक्ष घनफुटांचं धरण भरलं की काठालगतचं भूजलही पाण्याच्या पातळीबरोबर वर येतं. मे महिन्यात तेच पाणी कितीतरी खाली गेलेलं असतं, काठाला नुसता भेगाळलेला गाळ असतो, आणि बांधकामं नेमकी मे महिन्यात होतात. खड्डा खणला, दोन बादल्या ओतल्या, घटकाभरात जिरल्या, की सगळे खूश. जमिनीची शोषण्याची चाचणी ऑगस्टमध्ये घ्यायची असते. फूटभर रुंद खड्डा पाण्याने भरायचा आणि पातळी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचं. अर्ध्या तासात इंचभरही उतरत नसेल तर ती जागा शोषखड्ड्याची नाही.

तोपर्यंत सात वाजले होते आणि पाहुणे उठू लागले होते. आवाराच्या वरच्या अंगाला, रस्त्याजवळ, कामाच्या माणसांसाठी बांधलेली दोन शौचालयं आहेत, दोन खड्ड्यांची. ती घरापेक्षा वीसेक फूट उंचावर आहेत, तिथपर्यंत भूजल पोहोचत नाही. शिवाय त्यांत ग्रामीण पॅन आहे. त्याचा उतार तीव्र असतो, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. घरातल्या जुन्या फ्लशला दर वेळी दहा लिटर लागतात. दोन्ही शौचालयं धुऊन घेतली, बाहेर पाण्याचं पिंप, मग, साबण आणि दोन छत्र्या ठेवल्या. पाहुण्यांना जे आहे ते सांगितलं: धरण भरल्यामुळे खड्डा पाणी घेत नाही, दुपारपर्यंत वरची शौचालयं वापरा, आंघोळ बादलीने करा, त्या रात्रीचं निम्मं भाडं परत. एका आजींना गुडघ्यांमुळे चढ झेपणारा नव्हता. त्यांच्या कुटुंबाची सोय शेजारच्या निवासात केली. ‘तांत्रिक अडचण’ म्हणून मोघम बोललं की लोक चिडतात. कारण नीट सांगितलं की सहकार्य करतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आंघोळीचं पाणी मैल्याच्या लाइनपासून तोडणं हे पुढचं काम. नहाणीचं पाणी आधी गली ट्रॅपमध्ये, म्हणजे घराबाहेरच्या वास अडवणाऱ्या सापळ्यात, येतं आणि तिथून चेंबरला मिळतं, म्हणून ते तोडता येतं. गली ट्रॅपचं चेंबरकडचं तोंड बंद करून चार इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो लावून ते कर्दळीच्या वाफ्याकडे वळवलं. स्वयंपाकघराचं पाणी तेल-चरबी अडवणाऱ्या टाकीतून त्याच वाफ्यात जातं. वाफ्याच्या शेवटाला खडी-वाळूचा थर आहे, पण मातीच भिजलेली असल्याने वाफ्याला जास्त पेलणार नव्हतं. म्हणून शॉवर बंद, प्रत्येकाला गरम पाण्याची एक बादली.

त्याच कारणाने न्याहारीही बदलली. ठरलेली होती मिसळ. मिसळ म्हणजे तर्रीची पातेली, तेलकट वाट्या आणि त्या घासायला भरपूर गरम पाणी. त्याऐवजी थालीपीठ, लोणी, दही आणि चहा. माणशी दोन धरली तर सव्वीस थालीपिठं, एकाला चार मिनिटं. दोन तवे ठेवले की पाऊण-एक तासात होतात. भाजणी भिजवताना पाणी गरम घेतलं की थालीपीठ थापताना चिरत नाही आणि मागे घासायला तवा नि परात एवढंच राहतं. पळसाच्या पत्रावळी घरात होत्या, त्याच मांडल्या.

याच दरम्यान एकांनी येऊन सल्ला दिला की पंप लावून पाइप धरणात सोडा, पाऊस चालूच आहे, कुणाला कळणार. मी त्यांना तिथेच थांबवलं. हे पाणी प्रवरेने रंधा धबधब्यावरून निळवंड्याच्या धरणात जातं, पुढे अकोले, संगमनेर; माणसं ते पितात. पाहुणे आमच्याकडे येतात तेही याच पाण्यासाठी. त्यात मैला सोडून हा धंदा करण्यापेक्षा तो बंद केलेला बरा.

मैला उपसणारी गाडी साडेबाराला आली, चार हजार लिटरची. गाडी ठरवतानाच गाळ कुठे रिकामा करणार हे विचारून घ्यायचं. सिन्नरसारख्या काही नगरपरिषदांनी मैलागाळावर प्रक्रिया करणारी केंद्रं उभारली आहेत. उत्तर ‘बघू पुढे नाल्यात’ असं आलं तर दुसरी गाडी शोधायची, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

चालकाने विचारलं, “ताई, पूर्ण खाली करू ना?”

नाही. आणि उपसायच्या आधी आउटलेट बंद. खड्ड्यातलं पाणी आउटलेटच्या वर असताना टँक रिकामा करायला घेतला तर खड्ड्यातून पाणी उलटं टँकमध्ये येतं. गाडी भरते, पैसे जातात आणि तासाभरात टँक पुन्हा तिथेच. टँक आणि खड्डा यांच्यामधल्या चेंबरमध्ये चार इंची रबरी टेस्ट प्लग घातला. त्याचा नट आवळला की रबर फुगून पाइपला घट्ट बसतं. शोषखड्ड्याला हातच लावला नाही. भोवतालच्या जमिनीत पाणी असताना तो उपसणं म्हणजे पैसे देऊन भूजल वाहून नेणं.

टँक पूर्ण रिकामा का करायचा नाही? बाहेरून भूजल भिंतींना दाबत असतं आणि आतलं पाणी तो दाब तोलून धरतं. आत काहीच नसलं तर विटांची भिंत आत ढकलली जाते, तळाला चीर पडते, आणि प्लॅस्टिकचा टँक असेल तर तो चक्क जमिनीतून वर उचलला जातो. म्हणून दोन्ही कप्पे सारखेच खाली आणत, मधल्या भिंतीवर एका बाजूचा दाब येऊ न देता, तळाशी एक तृतीयांश ठेवून थांबवलं. मैला कुजवणारे जिवाणूही त्यात टिकतात. आमचा टँक आउटलेटपर्यंत 5,400 लिटरचा. साडेतीन हजारांच्या आसपास जागा मोकळी झाली. सोळा माणसं, दिवसाला पाच वेळा, फ्लशऐवजी चार-पाच लिटर बादलीने: दिवसाला चारशे लिटर. शॉवर आणि फ्लश नेहमीसारखे चालू राहिले असते तर तेवढी जागा दोन दिवसांत भरली असती. आता पाहुणे जाईपर्यंत काळजी नव्हती. दोन वाजता घरातले संडास परत सुरू केले, प्रत्येकात बादली आणि दोन ओळींची सूचना ठेवून. अ‍ॅसिड आणि फिनेलने टँकमधले जिवाणू मरतात म्हणून ते बाजूला ठेवले, साध्या साबणाने आणि ब्रशने सफाई.

पाहुणे गेल्यावर पाणी उतरेपर्यंत तळमजला बंद ठेवला. त्यानंतर फ्लशच्या टाक्या तीन-सहा लिटरच्या दोन बटणांच्या बसवल्या; संडासाचं रोजचं पाणी आठशे लिटरवरून तीन-साडेतीनशेवर आलं. सेप्टिकनंतर दोन हजार लिटरची साठवण टाकी आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप फ्लोट स्विचसह, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, बसवला. तो निवळलेलं पाणी वरच्या अंगाच्या, खडी भरलेल्या दोन फूट रुंद चरात सोडतो. पावसाळ्यात वीज दिवस-दिवस जाते, म्हणून टाकी एक दिवसाचं पाणी मावेल एवढी घेतली. छोटी टाकी स्वस्त पडते, पण पहिल्याच वादळात वाहते. चराची जागा ऑगस्टमध्ये चाचणी घेऊनच ठरवली.

जुन्या शोषखड्ड्याशेजारी आता भोकं पाडलेला चार इंची पाइप उभा पुरलेला आहे. जुलैच्या मध्यापासून रोज सकाळी चहाआधी त्यात खुणा केलेला बांबू घालून भूजल मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो. पाणी जमिनीच्या खाली सहा फुटांवर आलं की टेस्ट प्लग लागतो आणि सगळं पंपावर जातं. तीन फुटांच्या आत आलं की तळमजल्याचं बुकिंग घेत नाही, जोडून सुट्ट्या असल्या तरी.