कॉनॉली, कॅसलटाउन आणि आजीचा अंगठा

खानावळवाल्याचा मुलगा असलेले विल्यम कॉनॉली जप्त जमिनींच्या व्यवहारांतून आयर्लंडमधील सर्वांत श्रीमंत गृहस्थ झाले, १७१५ ते १७२९ तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती राहिले आणि १७२२ च्या सुमारास त्यांनी कॅसलटाउनचा भव्य प्रासाद बांधायला घेतला. ती जमीन युद्ध हरलेल्यांची होती, हे मला विसरता येत नाही.

मन रेंगाळते ते त्यांच्या पत्नी कॅथरीन यांच्यापाशी. कडाक्याच्या थंडीने बटाट्याचे पीक गेल्यावर, १७४० मध्ये, उपाशी हातांना काम मिळावे म्हणून त्यांनी सुमारे १४० फूट उंचीचे दगडी स्मारक उभारले.

बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या गावी १९७२ च्या दुष्काळी कामावर आजीने गिट्टी फोडली. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख अजूनही वाकडेच वाढते. स्मारकाचे छायाचित्र तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “चुकारा हप्त्याले भेटे काय रे?”