पगार सतरा हजार, आणि समोर जून महिना

बचतीचे सल्ले बहुतेक वेळा चहा-वडापावच्या पैशांपासून सुरू होतात. सतरा-अठरा हजारांच्या पगारात वडापाव सोडून काही उभं राहत नाही. महिन्याचा हिशोब बायका चोख बसवतात. कोलमडतो तो वर्षाचा. मे महिन्यात लग्नं, जूनमध्ये शाळा, मग दिवाळी. पण त्याआधी पगाराची स्लिप नीट वाचा.

समजा, एकूण पगार १७,००० आणि त्यात बेसिक व महागाई भत्ता मिळून ११,०००. पीएफ या ११,००० वर १२ टक्के, म्हणजे १,३२०. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, पूर्ण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १२८. हातात १५,५५२ यायला हवेत. व्यवसाय कराच्या रकान्यात शून्य हवं. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर लागत नाही. तरीही सरसकट सगळ्यांचे २०० कापले जात असतील, तर वर्षाचे अडीच हजार गेले (फेब्रुवारीत ३०० कापतात). हिशोबनिसाला स्लिप दाखवून स्पष्ट विचारायचं, त्यात संकोच कसला?

ईएसआय कापला जातोय तर कार्ड काढून घ्या, घरच्यांची नावं त्यात घाला. दवाखाना, औषधं त्यात होतात. बाळंतपणात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांचा पगारही मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी कालावधींत (सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते, म्हणून मधेच नोकरी बदलताना तारखा बघा. नोकरी सुटली की पीएफ काढून टाकायची घाई असते. ती करू नका. तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, नव्या ठिकाणी द्या. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, आणि पैसे काढले की ती मोजणी तुटते.

आता वर्षाची यादी. दरमहा न येणारे पण येणारच असे सगळे खर्च एका पानावर लिहायचे. उदाहरणार्थ: शाळेची वह्या-पुस्तकं, दप्तर, गणवेश ६,०००; दिवाळी ५,०००; गावी जाणं-येणं ४,०००; आहेर-मानपान ३,०००; चष्मा, दात असलं काहीबाही ३,०००; विम्याचे ४५६. बेरीज २१,४५६, म्हणजे महिन्याला साधारण १,८००. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण हे पैसे तसेही जातातच. जूनमध्ये महिना शेकडा तीनने ६,००० उसने घेतले आणि पाच महिन्यांनी फेडले, तर वर ९०० व्याज. १,८०० झेपतच नसतील तर यादीत काटछाट करा, आणि ती आहेरापासून करा, दातांपासून नको. गावच्या प्रवासात एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे. ४,००० लिहिताना ते धरलंय का बघा.

हे पैसे पगाराच्या खात्यात ठेवले तर राहत नाहीत. दुसऱ्या बँकेत किमान शिलकीची अट नसलेलं बेसिक बचत खातं काढा आणि ते यूपीआयला जोडू नका. महिन्यात चार वेळा पैसे फुकट काढता येतात, तेवढं पुरे. पगार झाला त्याच दिवशी १,८०० तिकडे. त्याच खात्यातून विम्याचे पैसे जाऊ द्या: अपघाताचे (प्रधानमंत्री सुरक्षा विमा) २० रुपये, आयुर्विम्याचे (प्रधानमंत्री जीवन ज्योती) ४३६, दोन्हींत प्रत्येकी २ लाखांचं संरक्षण. मेअखेर खात्यात शिल्लक नसली तर विमा बंद पडतो, आणि हे बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यानंतर पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायची ठेव. आधी हाताशी निदान एका महिन्याच्या खर्चाचे पैसे जमू द्या, कारण पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षं होईपर्यंत मोडता येत नाही. उत्साहात हजाराची उघडायची आणि सहाव्या महिन्यात हप्ते चुकवायचे, हे नेहमीचंच. ५०० पासून सुरू करा. ६.७ टक्के दराने पाच वर्षांत ३०,००० चे सुमारे ३५,६८० होतात. उशीर झाला तर शंभराला महिना एक रुपया दंड, चार हप्ते चुकल्यावर खातं खंडित. खातं उघडायची तारीख मात्र विचार करून ठरवा: १५ तारखेपर्यंत उघडलं तर दरमहा १५ च्या आत भरावं लागतं, १६ नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत मुभा. पगार लांबत असेल तर १६ नंतरच जा. वर्षभर नियमित भरल्यावर शिलकेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं.

भिशी वाईट नाही; ओळखीच्या बारा जणींची, चिठ्ठी टाकून निघणारी असेल तर. लिलावाची भिशी टाळा. तिथे नड असलेलीच कमी रकमेवर उचलते आणि तिने सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेतात. पतसंस्थेत जास्त व्याज दिसलं तरी थांबा: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. दागिना हौसेला घ्या. मोडताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी परत येत नाही, म्हणून त्याला बचत म्हणायला जीव धजत नाही.

खातं तुमच्या नावावर आहे, पण बँकेत मोबाइल नंबर कुणाचा? नवऱ्याचा किंवा भावाचा असेल तर ओटीपी त्यांच्याकडे, मेसेज त्यांच्याकडे, आणि पैसे काढायचे तर विचारणं आलं. आधार आणि पासबुक घेऊन शाखेत जा, फॉर्म भरून स्वतःचा नंबर लावा. नॉमिनीचं नाव त्याच खेपेला बघून घ्या. लग्नाआधीच्या खात्यात ते कुणाचं आहे हे बऱ्याच जणींना आठवत नाही.

पगार वाढला तरी आरडीचा हप्ता वाढवता येत नाही. दुसरी उघडायची, किमान १०० रुपयांची, आणि तीही १६ तारखेनंतर.