मुलुंडची रीसेल सदनिका : माझा अनुभव

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून मुंबईत एखादी जुनी सदनिका घ्यावी आणि ती भाड्याने द्यावी, असे आम्ही ठरवले, तेव्हा भेटणारा प्रत्येकजण भाव काय, भाडे किती आणि रीडेव्हलपमेंट कधी, एवढेच विचारत होता. विकणाऱ्याला ती विकण्याचा पूर्ण हक्क आहे का, हे प्रथम विचारले ते आमच्या वकीलबाईंनी, आणि पुढचा बहुतेक वेळ त्याच एका प्रश्नात गेला.

मुलुंड पूर्वेची ती सदनिका मूळ वडिलांच्या नावावर होती. आई-वडील दोघेही वारले होते आणि व्यवहार मुलगा करत होता. शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याच्या, मागच्या रकान्यात वडिलांनंतर मुलाचे नाव, सचिवांची सही, सोसायटीचा गोल शिक्का, सारे जागच्या जागी होते. "साहेब, आता आणखी काय पाहिजे?" असे एजंटने विचारलेही. वकीलबाईंनी मात्र नामनिर्देशनाचा अर्ज मागवला. मुलगा केवळ नॉमिनी होता. नॉमिनीचे नाव सोसायटीच्या दप्तरी लागते, पण त्यामुळे तो एकटा मालक होत नाही. मालकी वारसांकडेच जाते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातही अशा व्यक्तीला तात्पुरता सभासदच म्हटले आहे. नाशिकला दिलेल्या बहिणीचे "काही म्हणणे नाही" असे आम्हाला सांगण्यात आले. म्हणणे नसेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे किंवा करारात विक्रेती म्हणून सही करावी, एवढाच आमचा आग्रह होता. अखेर तिने सही केली, आणि तीही निम्मी रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊन. तिचे म्हणणे होते, हे त्यावरून उघडच झाले.

किंमत ९० लाख ठरली होती. दोन विक्रेत्यांना ४५-४५ लाख जाणार, म्हणजे ५० लाखांची मर्यादा ओलांडली जात नाही आणि टीडीएस (खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून कापून भरायचा प्राप्तिकर) लागत नाही, असे एजंटने छातीठोकपणे सांगितले. ऑक्टोबर २०२४ पासून मात्र यासाठी सर्व विक्रेत्यांची मिळून एकूण किंमत धरली जाते, त्यामुळे आम्ही दोघांच्या पॅनवर स्वतंत्रपणे १ टक्का कापून भरला.

मुद्रांक शुल्क ६ टक्के, नोंदणी फी ३० हजार. पत्नीच्या एकटीच्या नावे घेतली असती तर १ टक्का वाचला असता, पण ती सवलत सर्व खरेदीदार स्त्रिया असतील तरच मिळते, आणि वारसाचा हा घोळ नुकताच पाहिल्यामुळे आम्ही दोघांची नावे ठेवली.

भाड्याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून येथे देतो. दलाली धरून आमचे सुमारे ९६ लाख ६० हजार गुंतले. भाडे महिना २२ हजार; त्यातून एक रिकामा महिना आणि महिना ४ हजार मेंटेनन्स वजा केला, तर वर्षाला १ लाख ९४ हजार हाती राहतात, म्हणजे जेमतेम २ टक्के, तेही प्राप्तिकरापूर्वी. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते. मग घेतली का? जागेचा भाव वाढेल या भरवशावर, हे प्रामाणिकपणे सांगावे लागेल.

रीडेव्हलपमेंटचे आमिष आम्ही त्या भरवशात धरले नाही, कारण प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, जमीन सोसायटीच्या नव्हे, तर अजून मूळ मालकाच्याच नावे होती. मानीव अभिहस्तांतरणाची (मालक जमीन नावे करून देत नसेल तर सोसायटीने सरकारकडे अर्ज करून ती स्वतःच्या नावे करून घेण्याची) सोय २००८ पासून कायद्यात असूनही या सोसायटीने साधा अर्जही केलेला नव्हता. त्या मुद्द्यावर भाव थोडा खाली आला, एवढा उपयोग झाला.

शेवटी सर्टिफिकेटवर आमचे नाव लावण्यासाठी समितीने "इमारत निधी" म्हणून मोठी रक्कम मागितली. मुंबईत हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार आहे. त्याहून अधिक रकमेसाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि त्याच नावाची पावती द्यावी, असे आम्ही लेखी कळवले. पुढच्या समिती बैठकीत २५ हजारांच्या पावतीवर हस्तांतर मंजूर झाले.