ग्वांगझूच्या बाजारात सांगलीकर

चीनमधल्या ग्वांगझूत भरणाऱ्या कॅन्टन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनातलं दाजींचं काम उरकलं आणि एक अख्खा दिवस रिकामा मिळाला, मॉलमध्ये मला काडीचाही इंटरेस्ट नव्हता म्हणून थेट छिंगपिंग मार्केट गाठलं. १९७९ साली सुरू झालेला हा बाजार, शामियान बेटाच्या अगदी समोर. एकेकाळी इथं जिवंत प्राणीपण विकायचे म्हणे, आता मुख्य माल वाळवलेला आणि औषधी. पोती उघडी टाकलेली, त्यात मशरूम, लाल खजुरासारखी बोरं, गोजी बेरी, आणि वाळलेले समुद्रघोडे! दाजी तिथनं जे लांब सरकले ते सरकलेच, वासानं.

मला खरी मजा आली ती संत्र्याच्या सालीत. शिन्हुई भागातल्या संत्र्यांची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात, किमान तीन वर्षं तरी, आणि जितकी जुनी तितका भाव चढा. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकवायचे ते आठवलं, पण तिथं नुसती टिकवायची, इथं म्हातारपणाचेच पैसे लावतात राव. आपण साल सोलून कचऱ्यात टाकतो.

भाव सगळे जिनवर, एक जिन म्हणजे अर्धा किलो, त्यामुळं पाटीवरचा आकडा बघून आधी स्वस्त वाटतं. हळदसुद्धा दिसली, औषधाच्या मालात. दाजी लगेच, "सांगलीचीच असंल बघ!" म्हटलं दाजी, जरा दमानं घ्या, यांच्याकडंपण पिकती.

पेमेंट सगळं क्यूआरवर. थोडी साल घेतली, घरी चहात टाकली, आईनं एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला.