पापुद्र्यातला खवला

१९ मे, शिवोली

आज कामात हात चालला नाही. दुखतोय म्हणून नाही. दुखतोही, पण ते असो.

झालं एवढंच. होडीच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, फळीखाली पत्री घातली आणि रंग कपच्या न पडता अख्खा सुटला, केळीच्या सोपासारखा. खूश झाले. चार दिवस मधल्या वाकांशी, होडीच्या आतल्या बरगड्यांशी, झटतेय. रिमूव्हर लावा, थांबा, खरवडा, परत लावा. तरी सांध्यातला निळा हलत नाही. इथे मात्र हातभर पट्टा. उलटा करून बघितला, तर मागे वाळू, काथ्याचा तुसा आणि माशाचा एक खवला. शाबूत, चकाकणारा.

म्हणजे बाबांनी न धुता, न घासता वरूनच रंग फासला होता.

बाबांनी! पातोळ्यांसाठी मी हळदीची पानं पुसली की ती परत पुसणाऱ्या बाबांनी. ‘वरवरचं काम’ हे माझं जवळजवळ टोपणनावच होतं घरात. आणि हा खवला.

मी इथे मास्क लावून घामाने निथळतेय. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली २०१७ मध्ये. हे थर त्याच्या कितीतरी आधीचे, म्हणून पॉलिश पेपर कोरडा चालवत नाही. भाच्याने आणलेली हीट गनही पिशवीतच आहे, रंग फार तापला तर शिसं नाकात जायचं. ओलं करून खरवडायचं, कपच्या प्लास्टिकवर गोळा करायच्या. सगळं रीतसर. कोणासाठी?

दादाचा फोन येऊन गेला, होडीच्या त्या गिऱ्हाइकाबद्दल. आईला काही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सुतार मेस्त आला. त्याला पट्टा दाखवला. वाटलं, तो तरी चकित होईल. हसला. ‘‘पावस आयिल्लो आसतलो,’’ म्हणाला. मग माझ्या वाकांकडे बघून, ‘‘बाये, भितर कोण पळयता?’’ आत कोण बघतंय, म्हणे. बाहेरून काजूच्या टरफलांचं तेल नीट बसलं की त्याच्या लेखी होडी तयार.

पावस. असेलही. पण मग तेव्हा तसं सांगायचं ना. एकदा तरी.

आत्ता लिहिताना मात्र एक ध्यानात येतंय आणि हसू आवरत नाही. जिथे त्यांनी मन लावून रंग दिला, तिथे मी चार दिवस त्यांना शिव्या घातल्या. जिथे उरकलं, तिथे माझं काम दहा मिनिटांत झालं.

१ जूनला ट्रॉलर बंद होतील, शापोऱ्याच्या जेटीवर गर्दी होईल, मागोमाग पाऊस. ओल्या लाकडावर रंग धरत नाही, फोड येतात. माझ्याकडे फार तर दहा दिवस.

खवला कुठे गेला कळलं नाही. चपलेला चिकटून गेला असेल.

नाळेच्या अगदी टोकाला, दोन फळ्या मिळतात तिथे, पत्री जात नाही. फडकंही जात नाही. ब्रश जाईल.